दोनशे बारा चाव्या

ज्योत्स्नाला चार्जशीट मिळाली तेव्हा ती नुकतीच सकाळची बीट संपवून गँगच्या खोलीत आली होती. खांद्यावरचा हातोडा तिनं भिंतीला टेकवला, आणि मुकादम शेषरावनं एक पाकीट तिच्यासमोर धरलं. पाकीट देताना तो तिच्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता.

"मिळाल्याची सही कर."

"काय आहे?"

"वाच."

ज्योत्स्ना बडनेऱ्याच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर कीमॅन होती. बाई असली तरी पदाचं नाव कीमॅनच. रोज आपल्या बीटच्या सहा किलोमीटर रुळावरून चालायचं, आणि रुळाला स्लीपरशी घट्ट धरून ठेवणारी प्रत्येक लोखंडी क्लिप जागेवर आहे का ते बघायचं. कागदावर त्या क्लिपला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये सगळे तिला चावी म्हणत. ढिली झालेली चावी ठोकायची, निघून पडलेली पुन्हा बसवायची, जोड बघायचे, आणि धोका दिसला तर लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं धावायचं. रेल्वेत तिला नऊ वर्षं झाली होती, त्यातली चार या बीटवर.

कागदावर लिहिलं होतं की डाऊन लाइनवर, किलोमीटर ६४८ ते ६५१ या भागात, कॅमेऱ्याच्या तपासणीत दोनशे बारा चाव्या गायब आढळल्या. कर्तव्यात गंभीर हयगय. दहा दिवसांत खुलासा द्यावा. मागे फोटोंची अकरा पानं जोडली होती. प्रत्येक फोटोत रूळ, स्लीपर आणि त्यावर एक लाल चौकोन.

नोव्हेंबरात कॅमेरे लावलेला एक डबा या लाइनवरून गेला होता. डब्याच्या पोटाखालचे कॅमेरे एकेका स्लीपरचा फोटो काढत होते, आणि कंपनीचा कॉम्प्युटर ते फोटो बघून चावी आहे की नाही ते ठरवत होता. काम अमरावतीच्या एका कंपनीकडे चाचणीपुरतं दिलं होतं. चाचणी जमली तर पुढे सगळ्या लाइनींवर हाच कॅमेरा फिरणार होता.

"दोनशे बारा," ज्योत्स्ना म्हणाली. "माह्या बीटवर."

"हे पाय, कॅमेऱ्यासंग कोन भांडंल?" शेषराव समजावणीच्या सुरात बोलला. "लिहून दे, यापुढं काळजी घेईन. बारकी शिक्षा होईन, वर्षभरात लोक विसरतीन."

"मुकादम, तुमीबी तं हप्त्यातून एक डाव माह्या बीटवरून चालता. तुमाले दिसल्या का दोनशे बारा खाली जागा?"

शेषरावनं सहीचं रजिस्टर पुढे सरकवलं.

"मंग मी माफी कशाची लिहू?"

तिनं पाकीट मिळाल्याची सही केली, तारीख टाकली आणि फोटोंची पानं घडी करून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बीटवर निघताना तिनं यादी हातात घेतली. पहिली नोंद होती ६४८/६, म्हणजे किलोमीटर ६४८, खांब सहा, डावा रूळ, आतली बाजू. ती तिथे जाऊन उकिडवी बसली. चावी होती. बोट लावलं तर बोट काळं झालं. दुसऱ्या जागीही होती, तिसऱ्या जागीही. सातव्या जागेवर तिनं फोटो आणि चावी शेजारी धरून नीट बघितलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

दिवाळीच्या आधी तिनं आणि गँगनं हाच तीन किलोमीटरचा पट्टा ग्रीस केला होता. पावसाळ्यात चाव्या गंजतात, जागेवरच जाम होतात. म्हणून एकेक चावी काढायची, घासायची, काळं ग्रीस लावायचं आणि पुन्हा ठोकून बसवायची. नंतर सोयाबीन निघालं, शेतांतून मळणीयंत्रं चालली, आणि काळ्या मातीची धूळ उडून त्या ग्रीसवर चिकटली. खालचा स्लीपरही तेलानं काळा झालेला. फोटोत चावीच्या जागी नुसती सावली दिसत होती.

ती तशीच पुढे ६५२ पर्यंत चालत गेली. तिथलं ग्रीसचं काम अजून व्हायचं होतं. चाव्या तांबूस गंजलेल्या, लांबूनही ओळखू येत होत्या. त्या पट्ट्यातली एकही जागा यादीत नव्हती.

तिला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की ती तिथेच गिट्टीवर बसली. पाण्याची बाटली काढून तिनं अर्धी रिकामी केली. जिथं हाताला फोड येईपर्यंत काम केलं होतं, तिथंच काम केलं नाही म्हणून कागद आला होता.

चार दिवस लागले. बीटचं रोजचं काम करताकरताच तिनं यादीतली प्रत्येक जागा बघितली आणि फोनवर फोटो काढला. दोनशे नऊ जागी चावी जुनीच होती. तीन जागी नवी होती. त्या तीन चाव्या खरंच पडलेल्या होत्या, पण कॅमेरा गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी तिनंच बसवल्या होत्या, आणि तिच्या डायरीत त्याची नोंद होती.

संध्याकाळी नवरा संघपालनं तिचा खुलासा नीट अक्षरात उतरवून दिला. शेवटी तिनं सांगितलं, "लिहा, चौकशी ऑफिसात नको. रुळावर पायजे."

"असं मागता येते का?" संघपालनं विचारलं.

"मागून पाहू. नाई म्हनतीन तं पुन्हा मागू."

सेक्शनचे इंजिनिअर ओमप्रकाशसाहेब वाईट माणूस नव्हते, पण कागदाला घाबरणारे होते. त्यांनी खुलासा दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

"ज्योत्स्नाबाई, हा रिपोर्ट वरपर्यंत गेलाय. मी काय सांगू, कॅमेरा चुकला?"

"तुमी काईच नका सांगू साहेब. तुमी फक्त माह्यासंग चाला. चावी दिसली तं दिसली म्हना, नाई दिसली तं मले सस्पेंड करा."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर मी तुमच्या वरच्या साहेबायले हेच लिहीन. अन् हेबी लिहीन, का तुमाले बोलावलं होतं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पुढच्या मंगळवारी. कंपनीच्या लोकांनाही बोलावतो."

मंगळवारच्या आधी तिला एक सुट्टी होती. फोटोंच्या प्रत्येक पानाखाली कंपनीचा राजापेठेतला पत्ता होता, आणि त्यापुढे बारीक अक्षरात 'तपासनीस एन-०७'. कॉम्प्युटरनं बघितलेले फोटो कोणीतरी माणूसही बघत होतं, एवढं त्यावरून कळत होतं. ती बसनं अमरावतीला गेली.

राजापेठेत क्लास सुटायची वेळ होती. पोरापोरींच्या गाड्यांमधून वाट काढत ती एका इमारतीचे तीन जिने चढली. खालच्या दोन मजल्यांवर ट्यूशन क्लास, वरती कंपनी. एका लांब खोलीत दहा-बारा पोरंपोरी स्क्रीनसमोर बसली होती, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर रूळच रूळ होते. मॅनेजर मनोज उठून आला. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, तुमची भावना मी समजू शकतो. पण आमची सिस्टीम ब्याण्णव टक्के अचूक आहे."

"मंग बाकी आठाचं काय करता?"

"तेवढं नॉर्मल असतं."

"माह्या नोकरीले तुमी नॉर्मल म्हनून राहिले."

मनोज कसनुसा हसला. "हे बघा, रिपोर्ट आम्ही रेल्वेला देतो. पुढे काय करायचं ते रेल्वे ठरवते."

"एन-झिरो-सात कोन आहे?"

"ते आम्हाला सांगता येत नाही."

कोपऱ्यातल्या एका मुलीनं मान वर केली आणि लगेच खाली घातली. ज्योत्स्नानं ते बघितलं. ग्लास ठेवून ती जिना उतरली. रस्त्यावर येऊन बसस्टॉपची दिशा बघत होती, तेव्हा मागून हाक आली.

"ताई, जरा थांबा."

तीच मुलगी होती. ओढणी सावरत जिन्यावरून धावत आल्यानं धापा टाकत होती. "एन-झिरो-सात मीच आहे. नगमा."

नगमा अकोल्याच्या जुन्या शहरातली. वडील नासिर शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. हिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि वर्षभरापासून इथं काम करत होती. आठवडाभर राजापेठेतल्या एका खोलीत तीन मुलींसोबत राहायची आणि शनिवारी घरी जायची. हे तिनं रसवंतीच्या बाकावर बसून सांगितलं. मुद्द्यावर यायला तिला वेळ लागत होता, आणि ज्योत्स्नानं तो दिला.

"मशीनला जिथं कळत नाही ते फोटो आमच्याकडं येतात," नगमा शेवटी म्हणाली. "आमी बघून लिहायचं. तीन रकाने होते. आहे, नाही, आणि दिसत नाही. तुमचे फोटो मले आठवतात ताई, इतके काळे कुठलेच नव्हते. मी ते सगळे 'दिसत नाही'मधी टाकले होते."

"मंग?"

"रिपोर्ट बनवताना तिसरा रकाना काढून टाकला. त्यातलं सगळं 'नाही'मधी गेलं."

"काहून?"

"सर बोलले, साहेब लोकायले दोनच उत्तरं पायजे असतात. अन् जास्त सापडलं तं मशीन चांगली दिसते."

ज्योत्स्ना बाकावर तिच्याकडे वळून बसली. "हे तू मंगळवारी साहेबासमोर सांगशील?"

नगमानं ग्लासातला बर्फ हलवला. "नोकरी जाईल ताई."

"जाऊ शकते. मी खोटं कायले सांगू तुले." ज्योत्स्ना उठली. "मी तुह्या जागी असती तं काय केलं असतं, मले मालूम नाई. पन मी तुह्या जागी नाई, माह्या जागी आहे. मी तं येनारच आहे."

मंगळवारी सकाळी नऊला रुळावर पाच माणसं होती. ओमप्रकाशसाहेब, शेषराव, ज्योत्स्ना, पांढऱ्या बुटांतला मनोज, आणि टॅब्लेट छातीशी धरलेली नगमा. जागेनुसार फोटो भराभर काढून दाखवणं तिच्याशिवाय कोणाला जमत नव्हतं, म्हणून मनोजनं तिला आणलं होतं. हवा गार होती. दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं, आणि बोंडं बरीचशी वेचून झालेली.

पहिल्या जागेवर ज्योत्स्ना गुडघ्यावर बसली. चिंधीनं चावी पुसली आणि हातोड्याचा एक हलका ठोका दिला. खणखणीत आवाज आला.

"लिहा मुकादम. एक नंबर, आहे."

शेषरावनं लिहिलं. मग दोन, तीन, चार. गाडी आली की सगळे बाजूला उतरायचे, गाडी गेली की पुन्हा चढायचे. चाळीस झाल्या तेव्हा साहेबांनी हात वर केला.

"बस झालं. माझी खात्री पटली. नमुना म्हणून चाळीस पुष्कळ आहेत."

"नाई साहेब. चार्जशीटवर दोनशे बारा लिहिल्या आहेत. चाळीस पाहून तुमी मले चाळिसायपुरतं सोडसान. बाकी एकशे बहात्तर माह्या नावावर राहतीन."

"बाई, दिवस जाईल."

"माहे चार दिवस गेले."

मनोज मध्ये पडला. "सर, धूळ बसलेली दिसते. असे अपवाद होतात. पुढच्या वेळी आम्ही दुरुस्त करू."

"चाळीसच्या चाळीस अपवाद?" साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. "तुमची माणसं फोटो बघतात म्हणालात ना? त्यांना काय दिसलं?"

"त्यांनाही चावी नाही असंच दिसलं, सर."

नगमाचा चेहरा लाल झाला. तिनं टॅब्लेट खाली केला. "नाही सर," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी 'दिसत नाही' असं लिहिलं होतं. 'नाही' असं मी एकदाही लिहिलं नाही. रिपोर्टमधी ते बदललं."

"नगमा," मनोज म्हणाला, "आपण ऑफिसात बोलू."

"तिथंबी हेच बोलीन सर."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग शेषरावला म्हणाले, "एक्केचाळीस नंबर कुठं आहे? चला."

दुपारी एकच्या सुमारास ते ६५०/१४ च्या आसपास होते. एकशे सदतीस जागा झाल्या होत्या आणि सगळ्यांचे पाय बोलायला लागले होते. नगमा सगळ्यांत मागे चालत होती. वर्षभर तिनं रूळ फक्त वरून, स्क्रीनवर बघितले होते. गिट्टीवरून चालणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती एकदम थांबली.

गिट्टीत एक निळी चप्पल पडली होती. लहान मुलाची, एकाच पायाची, कुठल्यातरी गाडीच्या खिडकीतून पडलेली.

"ताई, हा फोटो मी पाह्यलाय," ती म्हणाली.

तिनं पिशवीतून एक वही काढली. ऑफिसच्या प्रोग्रामात एकदा पुढे गेलं की मागचा फोटो पुन्हा उघडता येत नसे, म्हणून मनात शंका राहिलेल्या फोटोंचे नंबर ती हातानं लिहून ठेवायची. पानं उलटत ती एका ओळीवर थांबली आणि मोठ्यानं वाचलं. "सहाशे पन्नास चौदा, वेल्डिंगचा जोड, उजवा रूळ. बारीक रेघ? बाजूला निळी चप्पल." मग म्हणाली, "हा फोटो चावीसाठी आमच्याकडं आला होता, जोड मशीननं ठीक सांगितला होता. मी शंका लिहिली. वरच्या टेबलावर तेलाचा डाग म्हणून खोडली."

"तेलाचाच असेल," मनोज म्हणाला.

ज्योत्स्ना तोवर जोडापाशी पोचली होती. ती रुळाला गाल टेकवण्याइतकी वाकली, चिंधीनं बाजूची काजळी पुसली, थुंकी लावून पुन्हा पुसली. मग नख फिरवलं. नख अडकलं. रेघ रुळाच्या माथ्यापासून खाली उतरत होती आणि तळाच्या पट्टीत शिरली होती. थंडीनं रूळ आखडला होता आणि रेघेला तोंड फुटलं होतं.

"साहेब, तडा आहे," ती म्हणाली. "खालपर्यंत गेला."

पुढचं सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. साहेबांचा फोन स्टेशनमास्तरला लागेपर्यंत ती पिशवी उचलून अकोल्याच्या दिशेनं धावत सुटली होती, कारण डाऊन गाडी तिकडूनच येणार होती. साहेब मागून ओरडून सांगत होते की मागच्या स्टेशनावरून एक मालगाडी आधीच निघाली आहे. सहाशे मीटरवर तिनं रुळावर पहिला फटाका बांधला. चाक त्यावरून गेलं की मोठा बार होतो आणि ड्रायव्हरला कळतं. पुढच्या फटाक्यांसाठी ती आणखी धावली. छाती फुटायला आली होती. बाराशे मीटरवर शेवटचा फटाका बांधून ती रुळाच्या कडेला लाल झेंडी घेऊन उभी राहिली, तेव्हा वळणावर इंजिनाचा दिवा दिसला.

फटाके एकामागून एक वाजले. ब्रेक लागले. रिकाम्या वाघिणींची ती लांबच लांब गाडी किंचाळत तिच्यासमोरून सरकत गेली आणि तड्यापासून दोन खांब अलीकडे उभी राहिली. इंजिन तिच्यासमोरून जाताना ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून खूण केली होती, काय झालं? तिनं नुसतं पुढे बोट दाखवलं होतं.

दोन तासांत गँग आली. जोडाला दोन्ही बाजूंनी फिशप्लेट, म्हणजे जाड लोखंडी पट्ट्या, लावून क्लॅम्प कसले, आणि गाडी माणसाच्या चालीनं पलीकडे काढली. मनोज बांधावर बसून फोनवर बोलत होता. नगमा उभी राहून एकेक वाघीण त्या जोडावरून जाताना बघत होती. शेवटची गेली तेव्हा तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

ओमप्रकाशसाहेब ज्योत्स्नाजवळ आले. त्यांचा आवाज बदलला होता. "तुमचं नाव मी बक्षिसासाठी पाठवतो. तुटका रूळ वेळेवर पकडला."

"मी नाई पकडला साहेब."

"म्हणजे?"

"सकाळी सात वाजता मी याच जोडावरून गेली. मले दिसला नाई. या पोरीनं पकडला."

शेषरावनं तिचं जॅकेट मागून ओढलं. "चूप बस ना वं," तो पुटपुटला. "बक्षीस देऊन राहिले, तू गुन्हा कबूल करून राहिली?"

गेले दहा दिवस तिची नजर चाव्यांवरच खिळली होती, हे खरं होतं. यादी हातात आल्यापासून तिला दुसरं काही दिसत नव्हतं. पण ते ती साहेबांना सांगणार नव्हती, कारण सांगितलं असतं तर ती सबब झाली असती.

"दोनशे बारा माह्या नव्हत्या, त्या मी घेतल्या नाई," ती म्हणाली. "हे एक माहं आहे. हे मी दुसऱ्याच्या अंगावर टाकनार नाई अन् लपवनारबी नाई. लिहून घ्या साहेब."

उरलेल्या पंचाहत्तर जागा त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितल्या. त्याही सगळ्या जागेवर होत्या.

चौकशीचा निकाल द्यायला पंधरा दिवसांनी बैठक झाली. ओमप्रकाशसाहेबांच्या शेजारी वरच्या ऑफिसातले एक अधिकारी बसले होते. मनोजनं कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. त्यात चाव्यांबद्दल दिलगिरी होती, आणि पुढे लिहिलं होतं की ६५०/१४ वरचा संशयित तडा कंपनीच्या यंत्रणेनं नोव्हेंबरातच टिपला होता.

ज्योत्स्नाचं काम तिथंच संपलं होतं. चाव्यांचा आरोप मागे घेतल्याचं अधिकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. शेषराव तिला डोळ्यांनी दारच दाखवत होता. ती उठली, पण दाराकडे गेली नाही.

"साहेब, या पत्रातली एक गोष्ट खरी नाई."

"तुमचा विषय झालाय, बाई," अधिकारी म्हणाले.

"तडा माह्या बीटवरचा आहे, म्हून विषय माहाच आहे. यंत्रानं ठीक सांगितलं होतं. शंका एका मानसानं लिहिली. ते मानूस भाहेर बाकावर बसलं आहे, त्याले बोलवा."

नगमा अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आली होती. रुळावरच्या त्या दिवसानंतर तिला दुसऱ्याच दिवशी कामावरून कमी केलं होतं. ज्योत्स्नानं साक्षीदार म्हणून तिचं नाव दिलं होतं, पण येण्याबद्दल एकदाही फोन केला नव्हता. ती आत आली, वही टेबलावर ठेवली आणि त्या जोडाची नोंद असलेलं पान उघडलं.

"ही वही कंपनीची आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही सर. माझी आहे. दुकानातून घेतलेली."

"यावर विश्वास का ठेवायचा?"

"नका ठेवू. कंपनीच्या कॉम्प्युटरात कोणत्या फोटोवर कोणी कधी काय लिहिलं अन् कोणी बदललं, सगळं राहतं. ते मागवा. माझी वही खोटी निघाली तं मी लिहून देते."

अधिकाऱ्यांनी मनोजकडे बघितलं. मनोज म्हणाला की ती नोंद आता मिळेल की नाही ते बघावं लागेल. ओमप्रकाशसाहेबांनी वही स्वतःकडे ओढली आणि म्हणाले, "सर, मागवून घेऊ. मी तिथं हजर होतो."

नोंद आली. तिच्यात तेच होतं जे वहीत होतं.

जानेवारीच्या अखेरीला ज्योत्स्नाला दोन कागद मिळाले. एकात चार्जशीट रद्द केल्याचं होतं. दुसऱ्यात वेल्डिंगचा तडा नजरेतून सुटल्याबद्दल लेखी ताकीद होती. तिनं दुसरा कागद आधी वाचला आणि त्यावर आधी सही केली. बक्षिसाचं पुढे काही झालं नाही. कंपनीचं काम बंद झालं नाही, पण कंपनीला कळवण्यात आलं की तिसरा रकाना पुन्हा ठेवावा, आणि रेल्वेनं ठरवलं की त्यातली प्रत्येक जागा माणसानं जाऊन बघितल्याशिवाय कोणावर कागद काढू नये.

रविवारी नगमा अकोल्याहून आली. नोकरी अजून मिळाली नव्हती. ज्योत्स्नानं घरचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एक मशीन खोलून बसले होते, अन् मले म्हनाले, ते तडेवालं पुन्हा सांग. मी सांगितलं. मंग दुकानात जो येईल त्याले तेच सांगत बसले."

मग तिनं वही काढली. "ताई, मी तुमाले एक सांगायला आली. त्याच रिपोर्टमधी शेजारच्या बीटवरच्याबी शहाण्णव चाव्या होत्या. त्याबी मी 'दिसत नाही'मधीच टाकल्या होत्या. त्याचं काय झालं?"

ज्योत्स्नाला माहीत होतं. शेजारच्या बीटवर पुंजाजी होता. आठ महिन्यांत रिटायर होणार होता. त्यानं पहिल्याच दिवशी माफी लिहून दिली होती आणि शिक्षा घेऊन मोकळा झाला होता.

दोघी त्याच्या क्वार्टरवर गेल्या. तो अंगणात पायाला तेल चोळत बसला होता. ज्योत्स्नानं सांगितलेलं त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग मान हलवली.

"मी तं सही करून देल्ली वं बाई. आता काय होते?"

"चाव्या होत्या का नव्हत्या, बाबा?"

"होत्या ना. माह्या हातानं ग्रीस लावलं त्यायले."

"मंग सही कायले केली?"

पुंजाजीनं तेलाची वाटी बाजूला सारली. "आठ महिने राहिले होते. म्हटलं, कायले वाढवा."

"आता वाढवू," ज्योत्स्ना म्हणाली. ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली, आणि नगमानं वहीतलं एक कोरं पान फाडून मांडीवर घेतलं.

"नाव सांगा, बाबा," नगमा म्हणाली. "पूर्ण नाव."

पुंजाजीनं हात धोतराला पुसले आणि नाव सांगितलं.